माळ्यावर सापडलेलं चित्र: झाडांतलं शेत आणि खालचा काळा पट्टा

छत्रीबागची सून

नमस्कार मंडळी. इंदूरला छत्रीबागेतलं आमचं जुनं घर रिकामं करतोय. माळ्यावर पितळी समया, दोन पाट आणि एका गोधडीत गुंडाळलेलं हे चित्र निघालं. फोटो नीट येत नाहीये, काचेत ट्यूबलाइट दिसते, म्हणून शब्दांत सांगते.

साधारण अठरा इंच बाय चौदा, काचेखाली कागदावर, रंगाला चकाकी नाही. मधोमध कवेलूंचं बैठं मातीचं घर, त्याला चिकटून गोठा. मागे तीन मोठी झाडं, इतकी दाट की घर त्यांच्या कुशीत बसल्यासारखं वाटतं. डावीकडे दोन शिंदीची झाडं, एक सरळ आणि एक जरा वाकलेलं. उजवीकडे मोटेची विहीर, तिची धावही (मोट ओढताना बैल चालतात तो उतार) दिसते. आभाळ राखाडी-पांढरं. माणूस एकही नाही, गुरंही नाहीत. खाली सही नाही.

आता गंमत अशी की चित्राचा खालचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसता काळपट तपकिरी आहे. काहीच काढलेलं नाही. आमच्या घरच्यांचं मत, "पोराने कंटाळून रंग फासला आणि घरी गेला." सासूबाई (वय ८४) सांगतात की पुढची खोली चित्रशाळेतल्या मुलांना भाड्याने दिलेली असायची, त्यातल्याच कुणाचं तरी असणार. नाव त्यांना आठवत नाही. "सगळे त्याला मास्तर म्हणायचे, आणि त्याला चहात साखर जास्त लागायची," एवढंच.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. हे अर्धवट राहिलंय का? कुठलं असेल? आणि वर आलेले तपकिरी ठिपके काढायचे कसे? ओल्या फडक्याने पुसू का?

पोह्यांवर शेव

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या रे कुणीतरी, ताई फडकं भिजवून बसल्या असतील.

चारकोल

नको! ताई, फडकं खाली ठेवा.

वर्णनावरून हे तैलरंग नसावेत. काचेखाली आहे, कागदावर आहे, रंग मॅट दिसतो, म्हणजे अपारदर्शक जलरंग असणार. त्याला पाणी लागलं की ऐंशी वर्षांचं घर दोन मिनिटांत फडक्यावर येईल. ब्रेडचा गर, कापलेला बटाटा, खोडरबर, यूट्यूबवरचे सगळे उपाय विसरा. ठिपक्यांना फॉक्सिंग म्हणतात. ओल, बुरशी आणि कागदाला चिकटलेलं आम्लधर्मी लाकूड किंवा पुठ्ठा, यातून ते येतात. ते काढणं हे जाणकाराचं काम, घरच्याचं नाही. तुम्ही फक्त फ्रेम मागून उघडा, सावकाश, आणि मागे काय लावलंय ते सांगा.

बाकी, चित्रशाळा म्हणजे देवळालीकरांची. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली इंदूरला चित्रशाळा काढली. बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर हे सगळे चित्रकार तिथून गेलेले. मी शिकलो ते बऱ्याच नंतर, पण तेव्हाही मास्तरांची पहिली शिकवण तीच होती: बाहेर जा, उन्हात बसा, आणि सावलीत काळा रंग घालाल तर पेपर फाडीन. सायकलीला बोर्ड बांधून पोरं गावाबाहेर जायची, आणि तेव्हा गाव कितीसं होतं? पलासियाच्या पुढे शेतंच.

भिया नंबर वन

बेंद्रे असेल तर ताई करोडपती! 🤩 लिलावाला द्या.

चारकोल

हेच ऐकायची भीती होती. भिया, इंदूरच्या प्रत्येक जुन्या घरात एक 'बेंद्रे' आणि दीड 'हुसेन' असतो. शाळेतली शंभर पोरं एकाच मास्तरांकडे, एकाच कागदावर, एकाच गावाबाहेर चित्रं काढत होती. सगळ्यांची चित्रं भावंडांसारखीच दिसणार. सही नाही, कुठे नोंद नाही, तर ते 'मास्तर'चं चित्र आहे, ज्याला चहात साखर जास्त लागायची. तेवढं पुरे.

काळी माती

पहिल्यांदाच लिहितोय, इतके दिवस नुसता वाचत होतो. आमची शेती देपालपूरकडे, चौथी पिढी. चित्रातलं मला काही कळत नाही, पण खालच्या पट्ट्याबद्दल बोलल्याशिवाय राहवेना.

ताई, ते अर्धवट नाही. ते शेत आहे.

आज तुम्ही पावसाळ्यात इंदूरबाहेर कुठेही जा, क्षितिजापर्यंत सोयाबीन. म्हणून आपल्याला वाटतं पावसाळ्यातलं शेत म्हणजे हिरवंच. पण सोयाबीन माळव्यात पसरलं १९७० नंतर. त्याआधी इथली भारी काळी रानं चौमासाभर मोकळी ठेवायचे. ज्वारी, मका, कपाशी असायची, नाही असं नाही, पण गव्हा-हरभऱ्याचं रान पडीक. दोन कारणं. एक म्हणजे ही माती पावसात इतकी चिकट होते की बैल गुडघ्यापर्यंत रुततो, पेरणी-निंदणी करायला वाफसाच (कामाजोगी ओल) मिळत नाही. दुसरं, आणि हे महत्त्वाचं: सगळं पाणी मातीत मुरवायचं असायचं. दिवाळीच्या सुमारास गहू पेरला की त्याला नंतर विहिरीचं पाणी नाही, कालव्याचं नाही. चौमासात जे प्यायली त्याच्यावर ती माती गहू काढून द्यायची. बाफल्यांना (वरणाबरोबर खायचे कणकेचे गोळे) जो जाडा मालवी गहू लागतो, तो असाच यायचा.

आणि पडीक म्हणजे सोडून दिलेलं नव्हे. उघडीप मिळाली की वखर घालायचा (बैलाने ओढायचं पात्याचं अवजार, इकडे बक्खर म्हणतात). तण मरतं, वरचा थर भुसभुशीत होतो, भेगा बुजतात आणि खालची ओल उडत नाही. माझे आजोबा म्हणायचे, रान पडलेलं नाही, ते पोटात धरतंय.

तर झाडं गच्च हिरवी, आभाळ ढगाळ आणि खाली काळं रान, असं चित्र असेल तर ते भाद्रपदातलं आहे आणि सोयाबीनच्या आधीचं आहे. एक करा. मोबाईलचा टॉर्च चित्राच्या बाजूने आडवा धरा, समोरून नको. त्या काळ्यात तिरप्या रेघा दिसतात का बघा.

पोह्यांवर शेव

पहिल्याच प्रतिसादात षटकार. वाचनखूण साठवली.

छत्रीबागची सून

आत्ताच पाहिलं. हात थरथरतोय, टायपो माफ करा.

रेघा आहेत! सगळ्या डावीकडून उजवीकडे तिरप्या, जवळजवळ समांतर, विहिरीपाशी थोड्या वळलेल्या. आणि काळा रंग काळा नाहीचे. जवळून बघितलं तर जांभळा, गडद निळा, मध्येच विटकरी. समोरून सगळं मिसळून तपकिरी दिसतं. वीस वर्षं हे या घराच्या माळ्यावर होतं आणि त्याआधी निदान तीस वर्षं पुढच्या खोलीत भिंतीवर. कुणीच आडवा दिवा धरला नाही.

"रंग फासला" म्हणणाऱ्या गृहस्थांना बोलावून दाखवलं. म्हणाले, "हं." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, या 'हं'ची किंमत मला माहीत आहे.

चारकोल

जांभळा आणि निळा! मास्तरांनी पेपर फाडला नसणार.

काळी माती दादा, तुम्ही आमच्या आख्ख्या क्लासला लाजवलंत. आम्ही फोरग्राउंड, मिडलग्राउंड घोकत बसलो, वखर कुणाला दिसला नाही.

राऊवाले काका

हे राऊचं आहे. शंभर टक्के. आमच्या लहानपणी स्टेशनच्या मागे असंच घर होतं, शिंदीची दोन झाडं, एक वाकलेलं. शिंदीला ताडी-नीरेसाठी वर्षाआड आलटून-पालटून दोन बाजूंनी खाच मारतात, त्यामुळे खोड नागमोडी होतं. चित्रात खोड नागमोडी आहे का? असेल तर राऊ.

भिया नंबर वन

काका, मग बंगालमधल्या सगळ्या शिंदी पण राऊच्याच. 😄

राऊवाले काका

तू लहान आहेस, तुला कळणार नाही. तेव्हा राऊला शिंदीचं बन होतं. आता टाउनशिप आहे आणि तिच्या दारावर शिंदीचं चित्र आहे.

आगरकर बाई

मला वेगळीच शंका येतेय. ते कृषी महाविद्यालयाचं रान नसेल ना? शहराच्या मधोमध झाडं आणि शेतं असलेली ती जागा. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ साली इंदूरला आला, होळकर दरबाराने जागा दिली आणि तिथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री निघाली. शेण, पालापाचोळा, काडीकचरा थरांत रचून खत करायची 'इंदूर पद्धत' जगभर गेली ती तिथूनच. त्याचं पुस्तक १९३१ चं. लंडनमधला माणूस बागेत कंपोस्टचा ढीग रचतो तेव्हा इंदूरचं नाव घेतो, आणि आपण इंदूरवाले फक्त पोहे आणि स्वच्छतेचा नंबर सांगतो. शाळेची पोरं सायकलवरून तिथे जाणं अगदी शक्य आहे.

काळी माती

बाई, आदर ठेवून सांगतो, नसावं. हॉवर्डचं रान आखीव होतं. पावसाचं पाणी साचू नये म्हणून उतार आणि चर काढलेले. काळ्या मातीत पाणी मुरणं जितकं हवं, तितकंच साचणं वाईट, आणि हे त्याने ओळखलं होतं. चित्रातल्या रेघा बैलाच्या मर्जीने वळल्यात. हे कुणाच्या तरी घरचं शेत आहे.

खताचा विषय मात्र वेगळा धागा काढून बोलू, मला त्यावर पुष्कळ बोलायचंय.

बडोद्याची लेक

माहेर बडोदा, सासर इंदूर, म्हणून दोन्हीकडचं थोडं. बेंद्रे १९१० ला इंदूरला जन्मले आणि १९५० ला आमच्या बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकलेचे विभागप्रमुख झाले. म्हणजे छत्रीबागेच्या पुढच्या खोलीत जी शिस्त चालायची, तिचं एक टोक बडोद्यापर्यंत आलेलं आहे.

'झाडांतलं शेत' हा विषय साधा वाटतो, पण लोक त्याला आयुष्य देतात. फ्रान्सचा थिओडोर रूसो १८४४ ला लांद प्रांतात गेला, तिथलं ओकच्या झाडांखालचं एक शेतघर त्याने काढायला घेतलं आणि १८६७ ला मेला तेव्हाही त्याच्यावर हात फिरवतच होता. तेवीस वर्षं! ज्याने ते विकत घ्यायचं ठरवलं होतं तो बिचारा वाट बघत राहिला. आणि मोंद्रियान, लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांचा, त्याने अॅमस्टरडॅमबाहेर डाउव्हेनड्रेख्टचं एकच शेतघर किती वेळा काढलंय! पाण्यात पडलेलं प्रतिबिंब, निष्पर्ण झाडं. पॅरिसला जाऊन क्युबिझम शिकून आला, पहिल्या महायुद्धामुळे हॉलंडमध्ये अडकला, आणि १९१६ च्या सुमाराला परत तेच शेतघर, परत तीच झाडं. त्यातलं एक शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

मला नेहमी वाटतं, एकदा काढून भागत नाही असं त्या विषयात काहीतरी आहे.

कुंपणावरचा

सगळे भावुक झालेत, म्हणून एक खडा टाकतो. माणूस नाही, गुरं नाहीत, 'शांत' शेत. कुणासाठी शांत? शहरातला पोरगा सायकलवरून येतो, दोन तास बसतो, आणि ज्याचं घर आहे तो चित्रात नाही. सावकाराचं देणं नाही, लगान नाही, घरातलं आजारी पोर नाही. आणि ते चित्र शेवटी पांढरपेशाच्या भिंतीवर. मला अशी चित्रं बघितली की कॅलेंडर आठवतं.

काळी माती

कुंपणावरचे भाऊ, निम्मं पटलं. माझ्या आजोबांच्या चित्रात देणं असतं, हे खरं.

पण एक सांगू? तो माणूस चित्रात आहे. वखराच्या रेघा ओल्या आहेत असं ताईंच्या वर्णनावरून वाटतंय (निळा रंग ओलीचाच असतो). म्हणजे तो सकाळी वखर घालून, बैल सोडून, भाकरी खायला आत गेलाय. त्या पोराने माणूस काढला नाही, माणसाचं काम काढलं. आमच्याकडे कुणी इतकं नीट बघत नाही हो. फोटो काढायला येतात ते पिवळ्या सरसोंचे किंवा फाटक्या चपलेचे.

कुंपणावरचा

निम्मं मीही मागे घेतो. उरलेलं निम्मं कुंपणावर.

छत्रीबागची सून

आज दुपारी फ्रेम उघडली. चारकोल दादांनी सांगितल्याप्रमाणे चित्र पालथं घालून, खाली जुनं सुती लुगडं अंथरून. सासूबाई खुर्चीवर देखरेखीला.

मागे पुठ्ठा नव्हता, चहाच्या खोक्याच्या फळ्या होत्या. दोन फळ्यांच्या मधल्या फटीची रेघ कागदावर जशीच्या तशी तपकिरी उमटली आहे, आणि ठिपके बहुतेक त्याच ओळीत.

फळी काढली आणि आम्ही दोघी गप्प झालो. त्याच कागदाच्या मागे दुसरं चित्र आहे.

तेच घर. तीच तीन झाडं, तीच शिंदी. पण बसण्याची जागा थोडी उजवीकडे सरकली आहे, त्यामुळे विहीर जवळ आलीय. संध्याकाळ. घर आणि आभाळ पूर्ण, झाडं अर्धी, आणि खालचा भाग कोरा कागद, पेन्सिलच्या चार रेघा. गोठ्यापाशी एक म्हैस, नुसती पेन्सिलची. म्हणजे अर्धवट चित्र होतं, पण ते भिंतीकडे तोंड करून. कोपऱ्यात लाल पेन्सिलने १० पैकी ६, आणि खाली एक लफ्फेदार खूण, वाचता येत नाही.

आणि रंग! मागचं आभाळ गुलाबी आहे, चक्क सणाच्या दिवशी नेसतात तसं गुलाबी. हिरवाही वेगळाच, ताजा.

कडेला, रंग पोचला नाही तिथे उजेडात धरल्यावर पाणखूण दिसते, इंग्रजीत '...टमन' अशी अक्षरं आणि खाली १९३ आणि पुढचा आकडा कापलेला.

चारकोल

व्हॉटमन! इंग्लंडचा हातकागद, त्यावर सालाची पाणखूण असायची. म्हणजे कागद १९३० च्या दशकातला, चित्र त्याच्या आधीचं नाही. नंतरचं किती ते सांगता येत नाही, चांगला कागद पोरं जपून ठेवायची आणि दोन्ही बाजू वापरायची. महाग होता, तेव्हाही.

ताई, आता एक काम करा आणि मग बसून घ्या. पुढच्या बाजूला फ्रेमच्या खाचेखाली जो नखभर काठ झाकलेला होता, तो बघा. तिथलं आभाळ कुठल्या रंगाचं आहे?

छत्रीबागची सून

गुलाबी. फिकट, पण गुलाबी. सगळ्या वरच्या कडेला एक बारीक पट्टी, जशी साडीची किनार. तिच्या खाली एकदम राखाडी सुरू होतं.

हे काय आहे?

चारकोल

ऊन. तेव्हाचे काही लाल-गुलाबी रंग, विशेषतः पांढऱ्यात पातळ मिसळलेले, उजेडात उडून जातात. अलिझरिन त्यातला बदनाम. पुढची बाजू तीस वर्षं खोलीच्या उजेडात राहिली, मागची फळीच्या अंधारात. पुढचं आभाळ नुसतं राखाडी कधीच नव्हतं. ढगांत गुलाबी होतं, ते उडालं आणि खालचं राखाडी तेवढं राहिलं. इतकं 'शांत' चित्र म्हणून आपण सगळे जे बोलत होतो, त्यातला काही वाटा उन्हाचा आहे.

काळी माती दादा, सॉरी. तुमचं ढगाळ भाद्रपद?

काळी माती

हा, जरा गडबडलो खरा. रात्रभर विचार केला.

रान ओलं आहे, झाडं गच्च आहेत, वखर ताजा आहे. त्यामुळे चौमासा सोडायला मी तयार नाही. पण गुलाबी आभाळ म्हणजे पाऊस उघडून पश्चिमेकडून ऊन आलंय. वखर घालायला उघडीप लागतेच, मी स्वतःच वर लिहिलंय. म्हणजे त्या दिवशी बहुतेक तीन-चार दिवसांची उघडीप होती, आणि पोरगा संध्याकाळी आला. माणूस मग भाकरी खायला गेला नसेल. दूध काढायला गेला असेल. म्हशीचं तेच टायमिंग.

पोह्यांवर शेव

कुंपणावरचे, माणूस सापडला. म्हशीखाली बसलाय.

राऊवाले काका

मागच्या चित्रात विहीर जवळ आहे म्हणता. धाव कुठल्या दिशेला उतरते? आमच्या राऊच्या विहिरीची धाव पूर्वेला होती.

छत्रीबागची सून

काका, संध्याकाळचं ऊन घराच्या ज्या बाजूला पडलंय, धाव त्याच्या बरोबर उलट्या बाजूला उतरते. म्हणजे पूर्वेलाच.

राऊवाले काका

मी काही बोलत नाही.

भिया नंबर वन

काका एक फोटो टाका ना, ती जागा आत्ता कशी दिसते.

राऊवाले काका

तिथे आता कारचं शोरूम आहे. काय टाकू.

बडोद्याची लेक

१० पैकी ६ कुणाला मिळाले असतील? मागच्या अर्धवट चित्राला की पुढच्या पूर्ण चित्राला? माझा अंदाज, मास्तरांनी मागच्याला ६ दिले, पोराला राग आला, कागद उलटा करून परत गेला तिथेच आणि हे काढलं. आता पुढच्या चित्रावर मार्क नाहीत, म्हणजे दाखवलंच नसेल.

चारकोल

दाखवलं असतं तर आभाळाला एक मार्क कापला असता, खालच्या रानाला दोन वाढवले असते. फ्रेमबद्दल शेवटचं: फळी परत लावू नका. आम्लमुक्त बोर्डचा माउंट करा, काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवीच. बाहेरच्या भिंतीवर, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर टांगू नका, पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते. दोन्ही बाजू दिसाव्यात असं वाटत असेल तर दोन्हीकडून खिडकीचा माउंट आणि दोन्हीकडून काच असं करतात. फ्रेमवाला कुरकुरेल, जास्त पैसे मागेल, द्या. ठिपक्यांसाठी लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळेला पत्र टाकून विचारता येईल, घाई नाही.

छत्रीबागची सून

फ्रेमवाल्याकडे जाऊन आले. दोन्हीकडून काच म्हटल्यावर तो कुरकुरला, ठरल्याप्रमाणे. मग विचारतो, "ताई, पुढची बाजू कुठली?"

घरी येऊन मतदान घेतलं. मुलीला मागची हवी, गुलाबी आहे म्हणून. "हं"वाल्या गृहस्थांना पुढची, आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं की खालच्या रेघा दिसतील असा दिवा ते बाजूने बसवून देतील, एलईडी, त्याने रंग उडत नाही का ते मला इथे विचारायला सांगितलंय. चारकोल दादा, सांगा.

सासूबाई म्हणाल्या, "म्हैस भिंतीकडेच राहू दे. तिला इतकी वर्षं ऊन लागलेलं नाही."

शनिवारी तयार होतंय.